नवा साप पेटीत रुळवताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीव सापाबद्दल येणारे प्रश्न बहुतेक दोनच जातींचे असतात, बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. म्हणून उत्तरंही त्या दोघांना धरून दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नेटवर मिळणारे तक्ते थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेले असतात आणि त्यांची सगळी धडपड पेटी गरम ठेवण्याची असते. सोलापुरात वर्षातले आठ-नऊ महिने प्रश्न नेमका उलटा असतो.

१. साप पाळणं कायद्यात बसतं का?

भारतात रानात आढळणारा कुठलाही साप पाळता येत नाही, मग तो विषारी असो वा बिनविषारी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. बॉल पायथन 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येतो, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नोंदणी नियमांनुसार त्याची नोंद करावी लागते. साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर अर्ज करायचा. साप दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली तर तेही कळवायचं. कॉर्न स्नेक साइटिसच्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती आणि साप कुठून आला याचा कागद जपून ठेवा.

विकणारा "कागदाचं नंतर बघू" म्हणाला, तर साप नंतरही घेऊ नका.

२. शेतात धामणीचं पिल्लू सापडलंय. मांडूळही गरीब असतं. ते ठेवलं तर?

नाही. धामण, तस्कर, कवड्या, दिवड, नानेटी, मांडूळ, डुरक्या घोणस, अजगर यांपैकी काहीच नाही. मांडुळाच्या बाबतीत तर दुप्पट नाही. दोन तोंडाचा, गुप्तधन दाखवणारा अशा थापांवर त्याची तस्करी चालते आणि घरात मांडूळ सापडलं की 'हौस म्हणून ठेवलं होतं' हे कोणी ऐकून घेत नाही. सापडलेल्या सापाला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

३. साप आणायच्या आधी पेटीत काय काय तयार हवं?

साप आणून मग पेटी लावायला घेतली की पहिला आठवडा वाया जातो. पेटी किमान तीन-चार दिवस आधी चालू करून दुपारी आणि मध्यरात्री तापमान बघून ठेवा. लागणाऱ्या गोष्टी अशा:

झाकण. कडीकुलपाचं म्हटलं तरी चालेल इतकं घट्ट. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी हवेची भोकं ३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. प्लास्टिकच्या डब्याला सोल्डरिंग गनने भोकं पाडत असाल तर आतून बाहेर पाडा. वितळलेल्या कडा आत राहिल्या तर नाक सोलवटतं.

दोन लपणं, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवलं तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा आडोसा निवडतो. मग खाल्लेलं पचत नाही. लपण तंग हवं, वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतींना टेकली पाहिजे. विकत आणायची गरज नाही. फुटक्या माठाचा अर्धा भाग, मंगलोरी कौल किंवा तोंड मोठं करून पालथी घातलेली मातीची कुंडी उत्तम. कडा सँडपेपरने घासा आणि बोट फिरवून खात्री करा.

पाण्याचं जड भांडं, शक्यतो मातीचं किंवा चिनीमातीचं, कलंडणार नाही असं.

खाली अंथरायला पहिला महिनाभर साधे छापील नसलेले कागद किंवा टिश्यू. दिसायला दरिद्री वाटतं, पण विष्ठा, गोचीड, उलटी सगळं लगेच दिसतं. नंतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नर्सरीत मिळणारी वीट दोनदा धुऊन घ्या (खारटपणा असतो) आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत पिळा. वखारीतला भुसा, वाळू आणि देवदाराच्या लाकडाचे तुकडे वापरू नका.

दोन डिजिटल थर्मामीटर, एक आर्द्रतामापक आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. फक्त तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

४. मोठी पेटी दिली तर साप घाबरतो म्हणतात. खरं का?

मोठ्या पेटीला घाबरत नाही, उघड्या पेटीला घाबरतो. चार बाजूंनी काच आणि मध्ये एक भांडं, अशा टाकीत कुठलाही साप बिथरेल. त्याच टाकीच्या तीन बाजू काळ्या कागदाने झाका, आत सुकी पानं, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि फांद्या भरा, तोच साप दोन दिवसांत शांत होईल. पिल्लासाठी २० ते ३० लिटरचा डबा सोयीचा. पूर्ण वाढलेल्या सापाला पेटीची लांबी आणि रुंदी मिळून त्याच्या लांबीइतकी तरी हवीच. बॉल पायथनसाठी ४ फूट बाय २ फूट धरा.

५. पेटी घरात कुठे ठेवायची?

सापाला कंपनं जमिनीतून कळतात, म्हणून जागा निवडताना कानापेक्षा तळपाय वापरा. अनवाणी उभं राहून फरशी थरथरते का बघा. पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग चालतात, त्यांनी हे आवर्जून करावं. मागाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या पेटीतला साप लपणातून बाहेर येतच नाही आणि खातही नाही, मग सगळं बरोबर असूनही काय चुकलं ते कळत नाही. दुसरी भिंत निवडा आणि पेटीखाली रबराची जाड मॅट किंवा थर्मोकोलचा तुकडा टाका.

वॉशिंग मशीन, टीव्हीचे स्पीकर, देवघर (प्रश्न १९) आणि खिडकीतलं थेट ऊन टाळा. उन्हात ठेवलेली काचेची टाकी म्हणजे भट्टी. वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली असेल तर संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळात मोजमाप करा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ऊन उतरल्यावर आत ओकतो. दुपारी ठीक दिसलेली खोली रात्री नऊला जास्त गरम सापडते.

६. तापमान किती हवं? हीट मॅट लागतेच का?

बॉल पायथन: गरम बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २४ ते २७. कॉर्न स्नेक: गरम बाजू २९ ते ३१, गार बाजू २२ ते २५. आकड्यांइतकाच दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. सगळी पेटी एकसारखी ३१ अंश असेल तर सापाला निवड उरत नाही.

हीट मॅट म्हणजे पेटीखाली लावायची, विजेवर तापणारी पातळ चटई. सोलापुरात ती खरी लागते ती नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेव्हा रात्री पारा १५ च्या आसपास किंवा खाली जातो. पावसाळ्यातल्या झडीच्या दिवसांतही कधी कधी. मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून लावा. थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणारं यंत्र) मॅट लावायचीच नाही. नुसती मॅट सापाचं पोट भाजण्याइतकी तापते, आणि अंगाखालची जागा भाजतेय हे सापाला वेळेत उमगत नाही.

एसटीसी-१००० हा थर्मोस्टॅट बहुतेकांकडे असतो. त्याचा सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये चिकटपट्टीने पक्का करा. आत मोकळा सोडला तर साप तो हलवतो, सेन्सर गार बाजूला जातो आणि मॅट तापतच राहते. एफ-१ वर हवं ते तापमान आणि एफ-२ वर फरक ०.५ ठेवा. आतल्या पृष्ठभागाचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने बघा, ते एक ते तीन अंशांनी कमी भरतं, त्या हिशोबाने एफ-१ वाढवा. याच यंत्राला थंडाव्यासाठी वेगळं जोडणीचं टोक असतं. उन्हाळ्यात त्यावर छोटा पंखा जोडता येतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

७. मे महिन्यात बाहेर ४३ अंश. साप जगेल का?

जगेल, पण आपोआप नाही. पेटीत कुठेच ३३ च्या खाली जागा उरली नाही की धोका सुरू होतो. ३५ च्या वर तासन्‌तास राहिला तर साप मरू शकतो, आणि थंडीपेक्षा उष्णता सापाला फार लवकर मारते.

मार्चच्या मध्यातच मॅट काढून ठेवा. पेटी तळमजल्यावर, उत्तरेकडच्या किंवा मधल्या खोलीत, जमिनीलगत आणा. डेझर्ट कूलर सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सापासाठी एसीपेक्षा बरा, कारण तो गारवा आणि दमटपणा एकाच वेळी देतो. मात्र झोत पेटीवर थेट नको. एसी असेल तर २६ ते २७ वर ठेवा आणि आर्द्रतेवर लक्ष ठेवा (प्रश्न ८).

वीज गेली तर: एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये कायम गोठवून ठेवलेल्या असाव्यात. एक कापडात गुंडाळून पेटीच्या गार बाजूला बाहेरून टेकवा किंवा जाळीच्या झाकणावर ठेवा. आत बर्फ टाकू नका. ओलं गोणपाट पेटीच्या दोन बाजूंवर टाका, हवेची भोकं उघडी ठेवा. मातीचं लपण बाहेरून भिजवलं की माठाच्या न्यायाने आतून दोन-तीन अंश गार राहतं. जूननंतर दमट हवेत हा उपाय फिका पडतो.

साप तोंड उघडं ठेवून पडलाय, लांब पसरलाय, उताणा केल्यावर सरळ होत नाही, असं दिसलं तर त्याला गार खोलीत हलवा आणि साध्या (फ्रीजच्या नव्हे) पाण्यात भिजवलेल्या कापडावर ठेवा. पशुवैद्याला तेव्हाच फोन करा.

८. आर्द्रता टिकतच नाही. रोज फवारा मारू का?

बॉल पायथनला ६० ते ७० टक्के, कॉर्न स्नेकला ४० ते ६०. एप्रिलच्या दुपारी इथली हवा त्याच्या निम्म्यावर असते, त्यामुळे जाळीच्या झाकणाच्या टाकीत मारलेला फवारा तासाभरात उडून जातो. उलट वारंवार फवारल्याने वरचा थर ओला आणि हवा कोरडी, अशी विचित्र अवस्था होते, आणि ओल्या जमिनीवर पडून पोटाचे खवले सडतात.

उपाय झाकणात आहे. जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲल्युमिनियम फॉइल किंवा ॲक्रिलिकने झाका. कोकोपीटचा थर दोन-तीन इंच जाड करा आणि आठवड्यातून एकदा कोपऱ्यात, कडेने पाणी ओता. खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा राहिला पाहिजे. पाण्याचं भांडं मोठं करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे सगळं उलटं करून जाळी उघडा, नाहीतर बुरशी येते.

ओला टॉवेल पेटीत टाकायची सूचना बरेच जण देतात. आपल्याकडचा टर्किश टॉवेल त्यासाठी वाईट. त्याचे फासे सापाच्या दाताला आणि सैल धागे पिल्लाच्या अंगाला अडकतात. सोलापुरी चादरीचा उपयोग मात्र आहे: रात्री टाकीच्या काचेवर बाहेरून टाकायला.

९. पुण्याहून साप आणायचा आहे. प्रवासात काय काळजी घ्यायची?

पुणे-सोलापूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, पाच तास धरा. साप सुती पिशवीत, पिशवी उलटी शिवलेली म्हणजे धागे बाहेर, तोंडाला गाठ, आणि ती पिशवी हवेशीर थर्मोकोलच्या खोक्यात. डिकीत कधीच नाही. मार्च ते जून रात्रीचा प्रवास करा. निघायच्या आधी चार-पाच दिवस खायला घातलेलं नसावं. प्रवासात पाणी लागत नाही. टेंभुर्णीला जेवायला थांबलात तर गाडी बंद करून साप आत ठेवू नका, एक जण गाडीतच बसा.

१०. घरी आल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

खोलीत अंधूक उजेड. पिशवीची गाठ सोडा, पिशवी गार बाजूच्या लपणाच्या तोंडाशी ठेवा, झाकण लावा आणि बाहेर पडा. साप आपला आपण निघेल. तासाभराने पिशवी चिमट्याने काढून घ्या, पिळून बघायची गरज नाही. पाणी ताजं ठेवा. बस.

पुढचे सात दिवस फक्त पाणी बदलायचं आणि घाण दिसली तर उचलायची. फोटो नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही, लपण उचलून "आहे ना?" बघणं नाही. रुळवणं म्हणजे सापाला काहीतरी करणं असा समज असतो. खरं तर त्याला काही न करणं हेच रुळवणं आहे, आणि माणसांना तेच जड जातं.

११. दिवसभर लपून बसतो. आजारी आहे का?

नाही. बॉल पायथन निरोगी असतानाही दिवसभर लपतोच. रात्री बाहेर येतो का ते कळायला पाण्याच्या भांड्याभोवती कागदावर चिमूटभर पीठ टाका, सकाळी रेघ दिसेल.

१२. रात्रभर काचेला नाक घासतो, वर चढतो. बाहेर सोडू का?

पहिल्या तीन-चार रात्री हे होतंच, साप जागेची कड शोधत असतो. आठवड्यानंतरही चालू असेल तर या क्रमाने तपासा: गार बाजू खरंच गार आहे का, लपण तंग आहे का, काच झाकली आहे का, पेटी कंपनाच्या जागी आहे का. सोलापुरात दहापैकी नऊदा उत्तर पहिल्यावरच सापडतं. नाकावरचा खवला लाल किंवा सोललेला दिसला तर काचेच्या आतून खरखरीत काही लावू नका, पेटी पूर्ण झाका.

१३. पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो. कारण?

तीनच. उकडतंय, कात येतेय किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे (माइट) आहेत. तापमान बघा, मग डोळे निळसर झालेत का बघा (प्रश्न १८). दोन्ही नसेल तर पांढऱ्या ओल्या टिश्यूने सापाला हलकेच पुसा आणि भांड्याचा तळ तपासा. मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसले, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत हलताना दिसले, तर माइटच.

साप साध्या डब्यात कागदावर हलवा, कागद रोज बदला, जुनी पेटी रिकामी करून गरम पाण्याने धुवा, लाकडी वस्तू फेका. औषध पशुवैद्याकडूनच घ्या. रॉकेल, कडुलिंबाचं तेल, कुत्र्याची गोचीड पावडर, झुरळाचा स्प्रे यांनी माइटच्या आधी साप मरतो.

१४. पहिलं खाणं कधी आणि किती?

आठव्या दिवशी, संध्याकाळी, दिवा मंद करून. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी. वजनाने पिल्लाला १० ते १५ टक्के, म्हणजे ७० ग्रॅमच्या बॉल पायथनला ७ ते १० ग्रॅमचा उंदीर दर सात दिवसांनी. कॉर्न स्नेकच्या नव्या पिल्लाला बिनकेसाचं उंदराचं पिल्लू दर पाच ते सात दिवसांनी. मागच्या मालकाला विचारून तो जे देत होता तेच पहिल्या तीन वेळा द्या, 'सुधारणा' नंतर.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात अर्धा तास. पोट दाबून मध्ये कडक लागत नाही ना बघा. शेवटी गरम पाण्यात दोन मिनिटं, म्हणजे अंग ३८ अंशांच्या आसपास येतं आणि बॉल पायथनला ती ऊब 'दिसते'. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. एक फुटी चिमट्याने शेपटीकडून धरा, लपणाच्या तोंडाशी हलकेच हलवा. घेतला नाही तर ठेवून या, सकाळी उचलून फेका.

जिवंत उंदीर टाकू नका. न खाल्लेला उंदीर रात्रीत सापाची पाठ हाडापर्यंत कुरतडतो. घरातली पाल, बेडूक किंवा सापळ्यात सापडलेला उंदीर तर नाहीच. आपल्या पेठांत उंदरांना विष घालतात, ते विष सापाच्या पोटात जातं.

१५. घरचे शाकाहारी. फ्रीजमध्ये उंदीर ठेवायला आई तयार नाही.

आईचं बरोबर आहे. वेगळा छोटा फ्रीजर किंवा सापाचा दुसरा मालक, हेच दोन मार्ग, आणि हा प्रश्न साप आणायच्या आधीचा आहे. ठेवू दिलंच तर झाकणाचा डबा, त्यात बंद पिशवी, आणि डब्यावर ठळक चिठ्ठी. वीज बराच वेळ जाऊन उंदीर मऊ पडले असतील तर परत गोठवू नका, फेका.

१६. तीन आठवडे झाले, खात नाही.

बॉल पायथनच्या बाबतीत ही बातमी नव्हे. सहा-सात दिवसांनी एकदाच विचारायचं, रोज नाही. रोज उंदीर नाचवला की साप उंदरालाच घाबरायला लागतो. दर रविवारी वजन लिहा. आणल्या दिवसाच्या वजनापेक्षा १० टक्के कमी झालं तर पशुवैद्य. कॉर्न स्नेकच्या पिल्लाकडे तेवढा साठा नसतो, तिथे तीन आठवडे म्हणजे काळजी. एप्रिल-मेमध्ये दिवसा खात नसेल तर पहाटे चारला देऊन बघा, तेव्हा घर सगळ्यात गार असतं.

खाल्लं आणि दोन-तीन दिवसांत उलटून टाकलं, तर लगेच पुन्हा देऊ नका. घशाची आग शमायला १० ते १४ दिवस जाऊ द्या, मग निम्म्या आकाराचा. कारण बहुधा खाल्ल्यावर हाताळणं, नाहीतर मोठा उंदीर किंवा चुकलेलं तापमान. दुसऱ्यांदा झालं तर डॉक्टर.

१७. हातात कधी घ्यायचा?

लागोपाठ तीनदा व्यवस्थित खाल्ल्यावर. आधी पाच मिनिटं, मग हळूहळू पंधरा, आठवड्यात दोन-तीनदा. वरून झडप घालू नका, वरून येणारं सगळं सापाला घारीसारखं वाटतं. बाजूने, पोटाखाली हात घाला. खाल्ल्यावर ४८ तास आणि कात येताना अजिबात नाही. कॉर्न स्नेक शेपूट थरथरवतो तेव्हा तो घाबरलेला असतो, विषारी झालेला नसतो. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका, आणि सापाचं भांडं स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका.

१८. डोळे निळे-पांढरे झालेत. आंधळा झाला का?

कात येतेय. आठवडा-दीड आठवडा फिका, चिडका, उपाशी राहील. डोळे परत स्वच्छ झाल्यावर चार-पाच दिवसांत कात पडते. झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर मॉस किंवा कोकोपीट भरा, हे ओलं लपण तेवढे दिवस ठेवा. कात एकसंध मोज्यासारखी निघाली पाहिजे. तुकड्यांत निघाली तर शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरच्या चकत्या बघा. टोकाला अडकलेली कात रक्त अडवते आणि शेपूट वाळते, ती कोमट पाण्यात भिजवून ओल्या कापडाने सोडवा. डोळ्यावरची अडकली तर नखाने काढू नका. पुढच्या कातीपर्यंत आर्द्रता वाढवून थांबा, तरीही नाही निघाली तर डॉक्टर.

१९. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल चालते का?

सापाच्या खोलीत काहीच नाही. त्याचं बहुतेक काम एकाच फुप्फुसावर चालतं आणि धूर साचायला बंद पेटी हे आदर्श ठिकाण. डासांचं लिक्विड आणि स्प्रे तर थेट विषारी. मच्छरदाणी लावा. दिवाळीचा रंग द्यायचा असेल तर साप आठवडाभर दुसऱ्या घरी. शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिरच्या भाजणार असाल तेव्हाही दार बंद, ठसका फक्त आपल्यालाच लागतो असं नाही.

२०. नागपंचमीला शेजारच्या काकू दूध आणि हळदकुंकू घेऊन येतात.

काकूंना मानाने बसवा, पूजा चित्राची करू द्या. साप दूध पचवू शकत नाही, तहानेने व्याकूळ असला तर पितो एवढंच. हळदकुंकू खवल्यांत आणि डोळ्याच्या कडेत जातं.

२१. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ दारूकाम, मिरवणुकीत डीजे. काय करू?

त्या आठवड्यात खायला देऊ नका, पोट भरलेलं असताना घाबरला तर उलटतो. पेटी रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत आणि खाली जाड गादी. नवा साप संक्रांतीच्या तोंडावर किंवा गणपतीत आणूच नका.

२२. आधीच एक साप आहे. दोघांना एकत्र ठेवलं तर सोबत होईल?

सापाला सोबत नको असते. नवा साप वेगळ्या खोलीत ९० दिवस, चिमटा आणि भांडी वेगळी, रोजची कामं आधी जुन्याची मग नव्याची. त्यानंतरही पेट्या वेगळ्याच.

२३. चावला तर?

या दोघांत विष नाही. ओढू नका, सापाचे दात तुटून तुमच्या हातात राहतात. सोडत नसेल तर डोक्यावर गार पाण्याची धार धरा. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

२४. साप पेटीतून निसटला. कुठे शोधू?

आधी खोलीचं दार बंद, खालच्या फटीत कापड कोंबा, मोरीच्या जाळीवर वीट. मग उबदार आणि तंग जागा: फ्रीजमागचा कॉम्प्रेसर, कपाटाखाली, किचन ट्रॉलीच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, चादरींच्या घडीत. उन्हाळ्यात उलट, माठाखाली, कूलरच्या टाकीशी, बाथरूममध्ये. सापडला नाही तर भिंतीकडेने पिठाच्या रेघा ओढा आणि रात्री बारानंतर टॉर्च घेऊन बसा. शेजाऱ्यांना पहिल्याच तासात सांगा, सापाचा फोटो पाठवा. लाज वाटते म्हणून दडवलं, तर तुमच्या आधी त्यांची काठी त्याला शोधेल.

२५. बॉल पायथन निसटला आणि दोन दिवसांनी अंगणात तसाच साप दिसला. उचलू का?

नाही. तपकिरी, जाडजूड, ठिपक्यांचा साप सोलापूरच्या अंगणात दिसला तर तो घोणस असण्याची शक्यता आधी धरायची. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. पण हे वर्णन लांबून ओळखायला आहे, जवळ जाऊन ताडून बघायला नाही. बॉल पायथन हातात घ्यायची सवय झालेला माणूस इथेच फसतो, कारण त्याचा हात आपोआप पुढे जातो.

सहा फूट लांब थांबा, मुलांना आत घ्या, साप कुठे जातो त्यावर नजर ठेवा आणि १९२६ ला फोन करा. जमल्यास लांबूनच झूम करून फोटो काढा, तुमच्या सापाच्या पाठीवरची नक्षी नोंदणीच्या फोटोशी जुळते का ते त्यावरून कळेल. दंश झालाच तर पट्टी करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता, हात स्थिर ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट सिव्हिल गाठा. "माझाच पाळीव होता, बिनविषारी आहे" असं डॉक्टरांना खात्रीने सांगू नका. जे दिसलं तेच सांगा आणि फोटो दाखवा.